रुखवत डॉट कॉमचा सौदा

"हे नाव दुसऱ्या कोणाचं तरी आहे," गंधालीने लॅपटॉप आईबाबांकडे वळवला. "रुखवत डॉट कॉम आधीच कोणीतरी घेऊन ठेवलंय आणि आता विकायला काढलंय. आकडा बघ, बाबा."

नंदकिशोर केळशीकरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच राहिला. तेवढ्या पैशांत एक बरी स्कूटर आली असती, आणि ती निदान पार्ल्याच्या बाजारातून भाजी आणायला तरी उपयोगी पडली असती.

"नुसत्या नावाचे एवढे?" ते म्हणाले. "गाळा नाही, शटर नाही, काही नाही."

"प्रीमियम नाव आहे ते. छोटं आणि लक्षात राहणारं. आपण दुसरं घेऊ ना, स्वस्तात मिळेल."

"दुसरं नको," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या सहसा इतक्या ठामपणे बोलत नसत.

सुनंदाबाईंनी आयुष्यभर लोकांच्या मुलींची रुखवतं केली होती. सुपारीचे नवरा-नवरी, लवंग-वेलचीची पालखी, होमापुढे बसलेले भटजी. लग्नात पाहुणे त्या टेबलापाशी थबकत, फोटो काढत, आणि मुलीची आई पदर सावरत सांगे, "सगळं मुलीने स्वतः केलंय हो." ही पद्धतच आहे. सुनंदाबाईही त्याच हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून "हो का? हौशी आहे मुलगी" असं म्हणत आणि जेवून घरी येत. पण साठी आली तसं त्यांना वाटू लागलं, की एकदा तरी आपल्या कामाशेजारी आपलं नाव दिसावं. पार्ल्यातल्या एका प्रदर्शनात त्यांनी टेबल घेतलं होतं. त्यासाठी मरून मखमलीवर मोत्यांनी नाव भरायला घेतलं होतं: रुखवत डॉट कॉम, आणि खाली सुनंदा केळशीकर. हे नाव जगात आणखी कोणाला हवं असेल अशी शंकाही त्यांना आली नव्हती. मोती 'कॉम'पर्यंत पोचले होते.

"तू भरत राहा," नंदकिशोर म्हणाले. "विकायला बसलाय म्हणजे उतरणार. भावाचं माझ्यावर सोड."

भाव करणं हा नंदकिशोरांचा एकमेव खेळ होता. आंब्याच्या पेटीवर हात ठेवायचा, तोंड वाकडं करायचं आणि चालायला लागायचं, की दुकानदार हाक मारतोच. राहता फ्लॅट घेताना तर त्यांनी मालकाकडे आधी ओळखीची खोटी गिऱ्हाइकं पाठवली होती. प्रत्येकाने आधीच्यापेक्षा कमी आकडा सांगितला, मालकाचा धीर सुटला आणि मग नंदकिशोर देवासारखे उगवले. ती गोष्ट नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवली गेली होती, की लहान मुलंही मध्येच पुढचं वाक्य म्हणत.

"बाबा, हा फ्लॅट नाहीये," गंधाली म्हणाली.

"माणूस तोच असतो गं."

पहिलं खोटं गिऱ्हाईक म्हणून बोरिवलीच्या शर्मिष्ठेची, म्हणजे सुनंदाबाईंच्या बहिणीची निवड झाली. नाव विकायला ठेवलेल्या पानावर आपला नंबर टाकायचा, मालकाचा फोन आला की पडेल आवाजात अगदी कमी आकडा सांगायचा, एवढंच काम होतं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"भावोजी, काय गोड मुलगा आहे. केतन नाव. मुलुंडला असतो. आई गुहागरची निघाली त्याची."

"आकडा काय सांगितलास?"

"आकड्याचं राहूनच गेलं बघा. पण मी म्हटलं त्याला, नाव फार सुंदर आहे हो, असंतसं कोणाला देऊन टाकू नका."

नंदकिशोरांनी मग ऑफिसातला जुना दोस्त, घाटकोपरचा अंबादास, याला कामाला लावलं. तो पुरुष होता आणि हिशेबखात्यात होता. तो तरी गुहागरला जाणार नाही अशी त्यांची खात्री होती.

"नंद्या, तू सांगितलेलाच आकडा बोलणार होतो यार," अंबादास दुसऱ्या दिवशी म्हणाला. "पण तो बोलला, कालच एका बाईंना भयंकर आवडलंय. मग मला राहवेना. थोडा वर गेलो."

"अरे, तुला काय करायचंय ते नाव?"

"मला काहीच नाही. पण समोरून वस्तू हातची जाते ना, तेव्हा माणसाचं काही चालत नाही बघ."

भरीला नंदकिशोर स्वतः सकाळ-संध्याकाळ ते पान उघडून बघत होते. भाव मात्र उतरायच्या ऐवजी रोज वर सरकत होता. आठवड्याच्या शेवटी स्कूटरची सेकंडहँड मोटार झाली.

"होणारच ना," गंधाली म्हणाली. "इतकी वर्षं त्या नावाकडे कुत्रं फिरकलं नाही, आणि आता बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत लोक तुटून पडलेत. त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

नंदकिशोरांना याचं उत्तर पक्कं माहीत होतं. सुनंदाबाई आत गेल्या आणि मखमल व कात्री घेऊन खिडकीपाशी बसल्या.

"काय करतेस?"

"उसवते. मोती तरी वाया जायला नकोत." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच नंदकिशोरांना सोसवेना. बायकोच्या हातातली कात्री त्यांनी काढून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः होऊन विकणाऱ्याला फोन केला. "नमस्कार, आम्हाला ते नाव हवंय. भेटायला येऊ का?"

रविवारी दोघं मुलुंडला केतनच्या घरी गेले. दार उघडणारा केतन खरंच गोड होता. पाणी देता देताच तो म्हणाला, "काका, तुम्ही एवढ्या लांब आलात म्हणून खरं सांगतो. मला विकायचंच नाहीये. बायको म्हणाली, उगाच दरवर्षी त्याचे पैसे भरतोस, काढून टाक. मग विकायला लावलं, पण आकडा असा लावला की कोणी घेऊच नये. तर लोक थांबेचनात, म्हणून रोज वाढवत गेलो."

"मग ठेवलंय कशाला?" नंदकिशोरांनी विचारलं.

केतनने कौतुकाने शोकेसकडे बोट दाखवलं. "हे बघा. आमच्या लग्नातलं रुखवत. सगळं रेवतीने स्वतः केलंय. तेव्हाच मी ठरवलं, हिचा धंदा काढायचा. हॉलवर बसल्या बसल्याच नाव घेऊन टाकलं. तिला वेळच मिळत नाही बिचारीला, पण कधीतरी सुरू करेलच ना?"

काचेमागे सुपारीचा लग्नसोहळा मांडला होता. नवरा-नवरी, करवली, आणि होमापुढे बारीक तारेचा चष्मा लावलेले, किंचित रागीट भटजी.

"वा," नंदकिशोर वाकून म्हणाले. "या भटजींना मी कुठेतरी बघितलंय."

सुनंदाबाईंची नजर त्या चष्म्यावर खिळली. भटजींना चष्मा फक्त त्याच लावत, आणि तो चेहरा त्या रोज सकाळी चहा देताना बघत आल्या होत्या.

तेवढ्यात रेवती ट्रे घेऊन बाहेर आली. तिने सुनंदाबाईंकडे बघितलं आणि कप किणकिणले. लग्नाआधी आईबरोबर रुखवत न्यायला पार्ल्याच्या घरी आलेली, भटजींना बघून खळखळून हसलेली ती मुलगी सुनंदाबाईंना लख्ख आठवली.

"काकू, काका फोनवर म्हणाले, तुम्ही यातल्या जाणकार आहात," केतन म्हणाला. "तुम्हीच सांगा. असा हात असताना नाव विकायचं का?"

एक वाक्य बोललं असतं तर नाव सुनंदाबाईंचं होतं, मखमलीवरचे मोती जागेवर राहणार होते. रेवती त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं. सुनंदाबाईंना तिची फार दया आली. एका पद्धतीपायी पोरीने एवढी वर्षं नवऱ्याचं कौतुक झेलत काढली होती.

"हात सुंदर आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "फार सफाईचं काम आहे. नका विकू."

नंदकिशोरांनी बायकोकडे बघितलं आणि मान खाली घातली. रेवतीने ट्रे टीपॉयवर ठेवला.

"केतन, देऊन टाक काकूंना," ती म्हणाली. "तू घेतलंस तेवढ्यातच दे. वर एक रुपया घ्यायचा नाही."

"अगं, पण तुझं..."

"माझ्याच्याने आता नाही व्हायचं. नावाला काम करणारं माणूस मिळतंय ना? मग दे. प्लीज."

केतन बायकोकडे वळला. मग हसला आणि म्हणाला, "तिचंच होतं ते. ती म्हणते तर घ्या."

निघताना दारात रेवती वाकून नमस्कार करायला आली आणि हळूच म्हणाली, "काकू, मी त्याला सांगणार होते हो."

"सावकाश सांग. नाहीतर नको सांगूस," सुनंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "पद्धतच आहे गं ती."

प्रदर्शनात मरून मखमल टेबलामागे झोकात लागली. वरचं नाव सगळे वाचत, मग खालचं वाचत आणि विचारत, "सुनंदा केळशीकर तुम्हीच का?" दर वेळी "हो, मीच" म्हणताना सुनंदाबाईंचा चेहरा उजळत होता. शेजारी खुर्ची टाकून बसलेले नंदकिशोर येणाऱ्या प्रत्येकाला सौद्याची गोष्ट ऐकवत होते. आधी गिऱ्हाइकं कशी पेरली, मग समोरच्याच्या घरात जाऊन मान खाली घालून गप्प कसं बसायचं, आणि त्या गप्प बसण्याने मोटारीचा भाव क्षणात जमिनीवर कसा आला.

"खरंच हो?" एका बाईंनी सुनंदाबाईंना विचारलं. "सगळं काकांनी केलं?"

सुनंदाबाईंनी टेबलावरच्या भटजींचा चष्मा सरळ केला.

"सगळं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी स्वतः केलंय."