टेंभरीचा निळा तलाव

सरकारी नकाशात जे निळं असतं ते पाणी असतं. ते डोळ्यांना दिसत नसेल तर दोष डोळ्यांचा.

कारंज्याजवळच्या टेंभरीत हे सत्य उन्हाळ्यात प्रगट झालं. खडकांचे नकाशे करणाऱ्या जागृती मॅडम गावात आल्या आणि सरपंच सुलोचनाबाईंचा धुण्याचा दगड पाहून चक्क त्याच्यासमोर बसल्या. दगडावर लाटांच्या रेघा होत्या. "इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ तलाव होता!" सुलोचनाबाईंना फार अभिमान वाटला. (सतरंज्या एवढ्या स्वच्छ का निघतात, तेही कळलं.)

मॅडमनी नकाशात तेवढा भाग निळा रंगवला आणि 'प्राचीन उथळ तलाव' लिहिलं. नकाशा तहसिलीत पोचला. 'प्राचीन' शब्दावर तिथे कोणी अडलं नाही. (कार्यालयाची इमारतही प्राचीन आहे, तरी चालूच आहे.)

लगेच गावाचा पाण्याचा टँकर बंद झाला. सुलोचनाबाई रिकामी घागर घेऊनच टंचाई विभागाच्या धनंजयबाबूंसमोर उभ्या राहिल्या.

"काऊन जी भाऊ, टँकर नाई आला?"

"तलाव असलेल्या गावाले टँकर भेटत नाई, बाई."

"अवो, आटला ना तो!"

"कधी?"

"साडेसहा कोटी वर्सं झाली म्हणते मॅडम."

धनंजयबाबू हळहळले. "मंग तवाच कळवाचं ना! आटल्यावर महिनाभरात अर्ज करा लागते."

सुलोचनाबाईंनी विलंबमाफीचा अर्ज केला. कारण : 'त्या काळी ग्रामपंचायत नव्हती.' कारण समाधानकारक ठरलं. मात्र चौकशी होईपर्यंत खबरदारी म्हणून गावाला टँकरऐवजी दोन लाइफ जॅकेट आणि 'पोहण्यास मनाई' अशी पाटी मिळाली. पाटीचं पालन शंभर टक्के झालं.

शेवटी भर दुपारी धनंजयबाबू स्वतः पाहणीला आले. फोनमधल्या नकाशाच्या निळ्या रंगाकडे बघत बघत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, थेट दगडावर चढले. घामाघूम होऊन म्हणाले, "बाई, घोटभर पाणी द्या ना."

"काय मांगून राह्यले, भाऊ? तलावात तर उभे आहात! वाका अन् प्या."

धनंजयबाबूंनी फोन पाहिला. मग दगड. मग पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी टँकर आला. पंचनाम्यात नोंद होती : 'तलाव जागेवर आढळला. पाणी तात्पुरते गैरहजर.'

वाचकांनी टेंभरीला खुशाल हसावं. फक्त मागच्या वेळी फोनमधली बाई "सरळ पुढे जा" म्हणाली आणि पुढे नाला होता, तेव्हा तुम्ही नाला पाहत होतात की फोन, एवढं आठवावं. (तुमची गाडी ढकलून कोणी काढली, ते टेंभरीच्या लोकांना आठवतं.)