केवलरामचे चार प्लस

"मुतखडा कोणाले होते, मालूम हाय? ज्याच्या लघवीत प्रोटीन नाही, त्याले!"

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या चहाटपरीवर केवलराम रहांगडालेनं हे जाहीर केलं. समोर त्याचा दोस्त धनंजय कंबर धरून बसला होता. परवाच त्याचा खडा पडला होता आणि त्याच्या किंकाळ्या अर्ध्या सेक्टरनं ऐकल्या होत्या!

"आन तुह्या लघवीत हाय?" धनंजयनं विचारलं.

"ठासून!"

हे ज्ञान केवलरामच्या दामिनीचं. पोरगी बायोकेमिस्ट्री शिकत होती. जेवताना तिनं तिच्या हिंदीमिश्रित मराठीत सांगितलं होतं, "बाबा, लघवीतच काही प्रोटीनं असतात. खड्याचे बारीक कण एकमेकांना चिकटायला लागले, की ती मध्ये पडतात और चिपकने नहीं देतीं." ती पुढंही काही सांगत होती. पण केवलरामच्या डोळ्यांसमोर तोवर प्लांटच्या गेटवरचे जवान उभे राहिले होते, गर्दी पांगवणारे, दंडुकेवाले!

सोमवारी त्याची मेडिकल होती. पास झाला तर प्लांटमधली मोठी क्रेन त्याच्या हाती येणार होती. वीस वर्षं खालून मान वर करून त्यानं ती क्रेन पाहिली होती. म्हणून एक रिहर्सल करावी, या विचारानं त्यानं पावर हाउस बाजारातल्या एका लॅबमध्ये लघवी तपासून घेतली. रिपोर्ट आला. प्रोटीन : निल.

निल! म्हणजे गेटवर एकही जवान नाही! क्रेन तर गेलीच, वरून खडा!

दामिनीला विचारता आलं असतं. पण टपरीवर एवढं भाषण ठोकल्यावर पोरीसमोर विद्यार्थी होऊन कोण बसणार? त्यानं स्वतःच उपाय काढला. अंड्याच्या पांढऱ्यात प्रोटीन असतं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. अंडं खाऊन ते लघवीत उतरायला वेळ लागणार, मग थेट भरतीच का करू नये?

सोमवारी सकाळी तो बाटली, अंडं आणि जुना टूथब्रश घेऊन बाथरूममध्ये शिरला.

"अवो, आत काय करून राहिले?" बाहेरून त्याच्या बायको सिंधुताई ओरडल्या. "कायतरी फेटून राहिल्यासारखा आवाज येते!"

"दात घासून राहिलो!"

प्लांटच्या दवाखान्यात बाटली देऊन तो ऐटीत बाकावर बसला. थोड्या वेळानं डॉक्टर आम्रपाली मेश्राम स्वतः बाहेर धावत आल्या.

"केवलराम कोण? तुमच्या लघवीत प्रोटीन चार प्लस आहे!"

केवलरामची छाती फुगली. शाळेत त्याला कधी एक प्लस मिळाला नव्हता! "आपली कृपा, मॅडम," तो उभा राहून, हात जोडून म्हणाला.

"कृपा? अहो, उभे कशाला राहता! व्हीलचेअर आणा!"

व्हीलचेअर आली. मोठ्या क्रेनच्या माणसाला असाच मान देत असतील, असं समजून तो राजासारखा बसला. तोवर कोणीतरी घरी फोन केला. सिंधुताई रडत आल्या, येताना भावाला गोंदियाहून निघायलाही सांगून आल्या!

तेवढ्यात लॅबमधला प्रशांत आला. त्याच्या हातात काचेची नळी होती, उलटी धरलेली. तरी आतलं काही खाली पडत नव्हतं. पांढरंशुभ्र, घट्ट, थरथरणारं!

"मॅडम, गरम केलं तर जमून घट्ट झालं! असं मी कधी पाहिलं नाही!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "ताबडतोब भरती करा. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढावा लागेल."

"तुकडा?" केवलराम खुर्चीतून असा उडाला, की चाकं मागच्या मागे भिंतीवर आदळली. "मॅडम, किडनीले हात लावू नका! ते माह्यं नाही, कोंबडीचं हाय!"

सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टर तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग त्या म्हणाल्या, "काका, खडा रोखणारी प्रोटीनं अगदी थोडी असतात. आमच्या तपासणीच्या पट्टीवर ती दिसत नाहीत. पट्टीवर प्रोटीन दिसलं, की समजायचं किडनीची चाळणी फाटली. तुमचं निल होतं ना? ते उत्तमच होतं!"

सिंधुताईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा सुई बरी!

नवी बाटली घेतली गेली, ती प्रशांतच्या डोळ्यांदेखत. निल! डॉक्टरांनी शिक्का मारला : फिट.

केवलराम बाहेर आला, तर बाकावर धनंजय तपासणीसाठी आलेला. केवलराम लगेच त्याच्या शेजारी बसला.

"धनंजय, ऐक. खरं प्रोटीन रिपोर्टात दिसतच नसते!"

"बापरे! हे तुले कोणी सांगितलं?"

"अनुभव!" केवलराम मिशीवर हात फिरवत म्हणाला.

लॅबची खिडकी उघडली. प्रशांतनं डोकं बाहेर काढलं.

"केवलभाऊ, ते नळीतलं फेकून देऊ, का तिखट-मीठ लावून पाठवू?"