बेल्जियमची जर्सी आणि मयूर विहारची सून

सायकल पायांनी चालते असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव यायची. सायकल जर्सीनं चालते! अंगात झकास जर्सी असली की पाय आपोआप फिरतात, फ्लायओव्हरचा चढ सपाट होतो आणि मागून येणारी ई-रिक्षासुद्धा जरा अदबीनं हॉर्न वाजवते. हे माझं ठाम मत होतं. 'होतं' म्हणतेय, एवढं ध्यानात ठेवा.

आधी परिस्थिती सांगते. माझी लेक क्रांती दीड वर्षाची आहे. ती जागी असते तेव्हा मी तिची, ती पाळणाघरात असते तेव्हा ऑफिसची, आणि ती झोपते तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाची. दिवसातला एकच तास माझ्या नावावर होता, सकाळी सहा ते सात. तेवढा वेळ सासूबाई क्रांतीजवळ बसायच्या आणि मी सायकल काढून दिल्लीच्या मयूर विहारातून नोएडाच्या दिशेनं सटकायची. सासूबाई म्हणजे प्रेमलाताई, अकोल्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. मला पाच मिनिटं उशीर झाला तर त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. ते बघणं! दोन हजार पोरं त्या बघण्यानं शिस्तीला लागली, तिथं माझी काय कथा?

जर्सी मी एका अंगठ्यानं मागवली. क्रांतीला मांडीवर पाजत होते, दुसरा हात तिच्या डोक्याखाली होता, आणि फोनवर सेल चालू होता. बाळंतपणानंतर माझ्याकडे दोनच तऱ्हेचे कपडे उरले होते. एक, ज्यात मी मावत नाही असे. दुसरे, ज्यांच्यावर नाचणीची पेज वाळली आहे असे. ही जर्सी मात्र निळीशार! बेल्जियमच्या एका खऱ्याखुऱ्या व्यावसायिक सायकल टीमची नक्कल. छातीवर टीमच्या मालकाचं नाव, फ्लोरबेक, आणि खाली बारीक अक्षरांत 'फ्लोअर टाइल्स'. तिकडे म्हणे फरशीवाले, खिडक्यावाले असल्या टीम पोसतात.

"अवं माय! हे उलटं शिवलं काय?" सासूबाईंनी जर्सी चिमटीत धरून उचलली. "खिसे पाठीवर काऊन?"

"आई, सायकल चालवताना खायला ठेवतात त्यात."

"चालवताना खायचं? बसून खायला काय झालं?"

माझा नवरा प्रफुल्ल एका मंत्रालयात आहे. तो कुठल्याही विषयावर मत देत नाही, दुसऱ्याचं मत पुढे पाठवतो. तो म्हणाला, "इंद्रजित काय म्हणेल?"

इंद्रजित आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचा कप्तान. जन्म मयूर विहारचा, नोकरी गुरुग्रामची, मराठी निम्मी हिंदीत. स्वतः कायम मळक्या राखाडी टी-शर्टात. त्याचं एकच तत्त्व होतं, टीमची जर्सी टीमनंच घालावी.

"यार भावना, ही कमवायची असते," तो मला बघून खरोखर दुखावला. "पोलीसची वर्दी घालून तू भाजी आणायला जाशील का?"

"आणि अख्खी दिल्ली क्रिकेटची जर्सी घालून आइस्क्रीम खाते ते?"

"वो अलग बात है!"

कशी अलग, ते त्यानं सांगितलं नाही. मी जिंकले असं समजून मी घरी आले. आणि लिफ्टमध्ये मला वाल्मीककाका भेटले.

वाल्मीककाका आमच्या सोसायटीतले, सरकारी खात्यातून निवृत्त आणि आमच्या जयंती समितीचे तहहयात सचिव. विदर्भ-मराठवाड्यातून दिल्लीत नोकरीला आलेल्या आपल्या माणसांची ही समिती. दर चौदा एप्रिलला गुणवंतांचा सत्कार असतो. मुलं तरी दरवर्षी किती पहिली येणार? त्यामुळे फेब्रुवारीपासूनच काका गुणवंतांच्या शोधात हिंडत असतात.

"जय भीम, बेटा. नोकरी बदललीस?" काकांनी चष्मा वर करून माझी छाती... म्हणजे जर्सी वाचली. "फरशीची कंपनी! अच्छा झालं. आमच्या बाथरूमला घसरणार नाही अशी टाइल पाहिजे. जरा रेट बघ ना."

घामानं निथळणाऱ्या, नोएडा जिंकून आलेल्या बाईला असं म्हणावं? मी ताठ उभी राहिले. "काका, ही बेल्जियमच्या सायकल टीमची जर्सी आहे! जगातल्या मोठमोठ्या शर्यती जिंकणाऱ्या टीमची!"

काकांनी जर्सीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे पाणावले. "निळी," ते हळूच म्हणाले. "रंगही आपलाच! आणि तू कुणाला बोललीसुद्धा नाहीस?" त्यांनी फोन काढून माझा एक पुढून, एक मागून फोटो घेतला.

"नाही काका, म्हणजे मी..."

चौथा मजला आला. दार उघडलं, काका उतरले, दार बंद झालं.

संध्याकाळी समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा घामेजलेला फोटो झळकला. 'अभिमानास्पद! आपल्या समाजाची सून सौ. भावना हिची बेल्जियमच्या आंतरराष्ट्रीय सायकल टीममध्ये निवड!!' प्रफुल्लच्या फोनवर ते वाचून मी हादरले! माझा फोन घ्यायला धावले, पण तो क्रांतीकडे होता. तिनं त्या बातमीखाली एक अंगठा, तीन टाळ्या आणि एक नाचणारा हत्ती पाठवून दिला होता. माझ्या नावानं! म्हणजे निवड झालेल्या बाईनं बातमीला दुजोराही दिला!

मी लगेच खुलासा लिहायला घेतला. अगदी शपथेवर सांगते. 'नमस्कार, थोडा गैरसमज' इथपर्यंत लिहूनही झालं होतं. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. हातात वाटी, वाटीत डिंकाचे लाडू.

"अकोल्याहून सुमित्राचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. सुमित्रा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. आजवर सुमित्रामावशीच्या सुनेचंच कौतुक आमच्या घरी पोचायचं. "तिची बोलतीच बंद झाली! हे खा. आणि उद्यापासून सकाळचे दोन तास घे. एका तासात काय प्रॅक्टिस होते? क्रांतीला मी बघते."

दोन तास!

वाचकहो, आणि विशेषतः दीड वर्षाची लेकरं असलेल्या वाचक बायांनो, तुम्हीच सांगा. तुम्ही काय केलं असतं? मी 'थोडा गैरसमज' पुसून टाकला आणि लाडू खाल्ला.

ते दिवस काय वर्णावे! सासूबाई प्रफुल्लला दटावायच्या, "तिला उठवू नको, खेळाडूची झोप आहे ती!" घड्याळाकडे तर त्या पाहीनाशाच झाल्या. पहिला तास मी सायकल चालवायची. दुसऱ्या तासात नोएडाच्या सेक्टर अठरामधल्या टपरीवर बसून चहा प्यायची. दीड वर्षात पहिल्यांदाच मी चहा गरम असतानाच संपवला! कुणी ओढला नाही, कुणी त्यात बिस्किटाचा चिखल केला नाही. मग मात्र क्रांतीच्या मानेचा तो दुधाळ वास आठवायचा आणि मी टीममध्ये असल्यासारखी भन्नाट घरी सुटायची.

एप्रिल उजाडला. काकांनी घरी येऊन जाहीर केलं की यंदा जयंतीला सायकल रॅली, अग्रभागी आंतरराष्ट्रीय खेळाडू भावनाताई, नंतर कम्युनिटी हॉलमध्ये सत्कार. रॅलीच्या शिस्तीसाठी एक अनुभवी कप्तानही बोलावला होता.

"कोण?" मी विचारलं.

"तुझ्याच ग्रुपचा तो, इंद्रजित!"

माझ्या हातातलं वरणाचं पातेलं सुटलं. काका गेल्यावर प्रफुल्ल म्हणाला, "खरं सांगून टाक." लग्नानंतरचं त्याचं हे पहिलं स्वतःचं मत! मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या म्हणता म्हणता चौदा एप्रिल आला.

सकाळी गेटवर पोचले आणि माझ्या सायकलचा ब्रेक आपोआप दाबला गेला. गेटसमोर निळा समुद्र! काकांनी लिफ्टमधला फोटो दिल्लीतल्याच गांधीनगरच्या कपडा बाजारात नेऊन जर्सीच छापून आणल्या होत्या. पन्नास तरी! छातीवर फ्लोरबेक फ्लोअर टाइल्स, पाठीवर जयंती समिती, मयूर विहार. पोरं, कॉलेजच्या मुली, निवृत्त अंडर सेक्रेटरी, साऱ्यांच्या अंगात बेल्जियम! सासूबाईंनी पांढऱ्याशुभ्र साडीवर जर्सी घातली होती, पाठीच्या एका खिशात चष्म्याचं घर, दुसऱ्यात क्रांतीची दुधाची बाटली.

"कामाचे आहेत गं हे खिसे!" त्या म्हणाल्या. त्यांच्या कडेवर क्रांती, घोट्यापर्यंत लोळणाऱ्या जर्सीत.

आणि या समुद्राच्या मधोमध, कुणीतरी घरात साप सोडल्यासारखा चेहरा करून, इंद्रजित!

"काका, मैं ये नहीं पहन सकता," तो कळवळून सांगत होता. "ही कमवायची असते."

"गणवेशाशिवाय रॅलीत प्रवेश नाही. परिपत्रक निघालंय," काकांनी जर्सी त्याच्या डोक्यातून खाली ओढली. इंद्रजितनं बाह्यांतून हात बाहेर काढले आणि माझ्याकडे पाहिलं. दूध उतू गेल्यावर आपण गॅसकडे बघतो ना, तसं.

रॅली झाली. कशी झाली विचारू नका. पहिल्याच वळणावर घंटी वाजवत एक नऊ वर्षांची मुलगी माझ्या पुढे गेली. "ताई मुद्दाम मागं राहतायत!" काका मागून ओरडले. "खिलाडूवृत्ती बघा!"

हॉलमध्ये शाल आली, पुष्पगुच्छ आला. मग महिला मंडळानं चाकांची एक भलीमोठी बॅग व्यासपीठावर आणली. आत जवसाची चटणी, तिखट सांडगे, मिरगुंडं, हातानं विणलेले दोन स्वेटर.

"बेल्जियममध्ये हे मिळत नाही," एक मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात काकांनी माइक सासूबाईंना दिला.

"मी भावनाला सकाळचा एक तास मोजून देत होते," सासूबाई म्हणाल्या. आवाज मुख्याध्यापिकेचा, पण किंचित हलणारा. "तिच्या अंगात एवढं काय आहे, मला दिसलंच नाही. आज सगळ्यांसमोर सांगते. भावना, तू दोन वर्षं जा, तीन वर्षं जा. क्रांतीला मी वाढवते. मागं वळून पाहू नको." आणि त्या कडेवरच्या क्रांतीला म्हणाल्या, "मम्मीला टाटा कर."

क्रांतीनं आज्ञाधारकपणे लोंबत्या बाहीतून इवलासा हात बाहेर काढला, आणि तो हलवत हसून म्हणाली, "ता-ता!"

जिच्यापासून तासभर पळायला मी जर्सी घेतली, तिच्या त्या हातानं माझ्या काळजाचं पाणी केलं. मी भोकाडच पसरलं! "मी कु-कुठंच जात नाहीये! माझी निवडबिवड झालेली नाही! ही जर्सी सेलमध्ये कुणालाही मिळते! माझी पोरगी द्या!" आणि सासूबाईंच्या कडेवरून मी क्रांतीला ओढून घेतलं.

इंद्रजितनं डोळे मिटून घेतले. काका सावकाश पुढे आले. चष्मा वर केला. माइक चालूच होता.

"म्हणजे बेटा," ते म्हणाले, "नोकरी फरशीच्याच कंपनीत ना?"

हशा असा उसळला की व्यासपीठावरची फुलदाणी आडवी झाली. मी शाल परत करू लागले तर काकांनी हात जोडले. "सत्काराचा ठराव मंजूर आहे. दुरुस्ती पुढच्या बैठकीत." एकट्या सासूबाई हसल्या नाहीत. मी मनातल्या मनात माझ्या दोन्ही तासांना श्रद्धांजली वाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात खुडबुड झाली म्हणून मी उठून पाहिलं. सासूबाई! पंजाबी ड्रेस, त्यावर निळी जर्सी, डोक्यावर माझं हेल्मेट!

"आई, कुठं निघालात?"

"तू टीममध्ये नाहीस ना? मग घरी राहा, आपल्या पोरीजवळ. काल एवढी रडलीस तिच्यासाठी." त्यांनी माझी सायकल लिफ्टकडे वळवली. "मला कधी कुणी शिकवली नाही सायकल. तो इंद्रजित शिकवतो म्हणाला. जर्सी तर आहेच."

मला वाटलं, दोन दिवसांचं वेड असेल. आज तीन आठवडे झाले! परवा इंद्रजित भेटला. अंगात तीच निळी जर्सी.

"तुझं तत्त्व कुठं गेलं रे?"

"काकू रोज पडतात, रोज उठतात," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यांनी कमावली यार. मला काकांनी दिली. सेलवाली सिर्फ तुझी."

म्हणूनच हे सगळं लिहायला मला सकाळचा निवांत तास मिळाला. क्रांती शेजारी झोपली आहे, माझी जर्सी उराशी कवटाळून. चहा ओतलाय, पण उठून घेतला तर ती जागी होईल. आत्ता सासूबाई सव्वासातला घरी आल्या. गुडघ्याला खरचटलंय, चेहरा लालबुंद. मी एक शब्द बोलले नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तिकडं काय पाहतेस?" पाठीच्या खिशातून चष्मा काढत त्या म्हणाल्या. "खेळाडूला उशीर होतोच!"