आई मरून, बाबा राखाडी

“निरोप लिहावा तो कापडासारखा! माप असेल तेवढंच कापायचं. उरलेल्या चिंध्या कोण सांभाळणार?”

शिवणक्लासच्या बाई असं म्हणत आणि म्हणता म्हणता कात्रीनं हवा कापत. सूनबाईच्या डोक्यात ते वाक्य दुहेरी टाका घालून पक्कं बसलं होतं. ‘येते’ म्हणून भागत असेल तर ‘येते हं’ लिहिणं तिला उधळपट्टी वाटे!

त्यातून आज तर मान वर करायला फुरसत नव्हती. तिनं शिवलेल्या हिवाळी कपड्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन संध्याकाळी होतं, आणि ते कपडे घालून मिरवायला घरचीच माणसं!

“यंदाचा हिवाळा माझ्या नावावर!” सकाळपासून ती आरशाला बजावत होती. “ढगळ कोट, उंच गळ्याचे स्वेटर, थरावर थर! बायकांना मरून, पुरुषांना राखाडी. बघतच राहतील लोक!”

सलत होती ती एकच गोष्ट. सगळ्यात देखणा जोड, म्हणजे घोट्यापर्यंतचा कोट आणि घेरदार पँट, तिनं बेतला होता थोरल्या मावशींच्या मापानं. मावशी म्हणजे सासूबाईंची मोठी बहीण, खांबासारखी उंच. तो कोट खुलावा तर त्यांच्याच अंगावर. दुसऱ्या कुणी घातला की तंबू चालत आल्यासारखा दिसे. पण गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी हौसेनं पँट घातली आणि मावशी म्हणाल्या, “या वयात? बुजगावणं तरी बरं दिसतं गं!” झालं! दोघींचं बोलणं बंद. “तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही,” असं म्हणून मावशी गेल्या त्या गेल्याच. तेव्हा जोड बिचारा हँगरवर लोंबत होता, आणि तो नसेल तर प्रदर्शनात बघण्यासारखं उरतं काय, हे सूनबाईला पुरतं ठाऊक होतं.

दुपारी सासूबाईंच्या स्वेटरची शेवटची मापं चालली होती. तो काढताना उंच गळा नाकाशी अडकला. वर जाईना, खाली येईना!

“आई, सोफ्यावर आडव्या व्हा. गळ्याची शिवण उसवते. आणि हलू नका हं, टाचण्या आहेत!”

“श्वास घेऊ का?” लोकरीतून आवाज आला.

“बेताबेतानं घ्या.”

तेवढ्यात तिला आठवलं, हॉलवर थांबलेल्या शिवणाऱ्या बायकांना रंग कळवायचे राहिले! फोनवर तिचे दोन गट होते. बायकांचा ‘आपली मापं’ आणि नातेवाइकांचा ‘आपली माणसं’. तोंडात टाचण्या, एका हातात फोन. ‘आईंचा स्वेटर मरून’ यातला ‘स्वेटर’ तिनं चिंधी समजून छाटला आणि निरोप धाडला: ‘आई मरून. बाबा राखाडी. दोन्ही गुंडाळून पाचला हॉलवर. काळं नको, यंदा चालत नाही.’

धाडला तो ‘माणसं’वर! मग फोन लोकरीच्या टोपलीत टाकून ती उसवायची बारीक कात्री शोधायला आत गेली.

टोपलीत हाहाकार उडाला. “मरून? मरून काय? पडल्या का?” एका मामांनी विचारलं. “रडता रडता वाक्य अर्धं राहिलं असेल हो,” मामींनी सांगितलं. “काकूंचं समजलं,” चुलतदीर म्हणाला, “पण काका इतक्यात राखाडी?”

निरोप वाचून, दार ढकलून वादळासारख्या आत शिरल्या त्या पलीकडच्याच गल्लीतल्या थोरल्या मावशी! समोर सासरे. अंगात राखाडी सूट, मान खाली, दोन्ही हातांनी विजार धरलेली.

“तुम्ही आहात अजून?” मावशी किंचाळल्या.

“आहे ना! कमरेत जरा सैल आहे इतकंच.”

पण मावशींची नजर सोफ्याकडे गेली होती. तोंडावरून मरून लोकर, हात पोटावर, हालचाल नाही!

“छकुले!” मावशींनी गुडघ्यावर बसून टाहो फोडला. “अगं, पँटवरून बोलले गं मी! जळली माझी जीभ! देवा, तुला शब्द देते, ही एकदा बोलू दे. ही म्हणेल ते घालीन रे मी!”

स्वेटर किंचित फुगला.

“पँटसुद्धा?”

मावशी मागच्या मागे बसल्या त्या थेट टोपलीत! खालून फोन वाजायला लागला. कात्री घेऊन धावत आलेल्या सूनबाईनं मावशींच्या खालून तो ओढून काढला. नवऱ्याचा होता.

“अगं, आई कशी गेली?” तो हुंदके देत होता.

“कुठं जाताहेत? स्वेटरमधून बाहेर पडल्या तर ना!”

मग निरोप वाचला गेला. सूनबाईचा चेहरा आधी मरून झाला, मग राखाडी. सासरे इतके हसले की विजार सुटली आणि त्यांना पडद्यामागे पळावं लागलं. गळा उसवून सासूबाई बाहेर आल्या. केस ताठ उभे, डोळे ओले. बहिणीचा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.

“ताई, शब्द दिलायस हं.”

“तुला नाही दिला. देवाला दिला.”

“मग त्याच्याशी बोलून घे.”

मावशी बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. तिकडून काही सवलत मिळण्याचं चिन्ह दिसेना.

“घालीन म्हणाले होते,” त्यांनी शेवटी खडा टाकून पाहिला. “लोकांसमोर चालीन असं काही म्हणाले नव्हते!”

“घातल्यावर बसून राहणारेस होय? आणि लोक म्हणजे आपलीच माणसं. सगळी पाचला हॉलवर येताहेत, मला बघायला!”

मावशींनी रुमालानं नाक पुसलं. कुणाकडेही न बघता हँगरवरून पँट काढली, घडी करून छातीशी धरली आणि हलक्या पावलांनी आतल्या खोलीत गेल्या. कडी लागली. बाहेर सगळ्यांनी दाराला कान लावले.

मग आतून, अगदी जप करावा तितक्या हळू आवाजात ऐकू आलं, “देवा, शब्द पाळतेच आहे रे... पण दोन्ही पाय एकातच गेलेत!”