बनाबाईच्या हाताचा बायपास

फलटणच्या नगरपालिकेत धोंडीबानं जन्मभर पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. कुठल्या गल्लीत पाइप कुजलाय, हे तो रस्त्यावर नुसती टाच आपटून सांगायचा! "हे गाव उठतंय ते माज्या पान्यावर!" असं तो छाती काढून म्हणायचा. आता पान्यावर म्हणजे नळाच्या पाण्यावर की हातातल्या लोखंडी पान्यावर, ते त्याचं त्यालाच ठाऊक. सत्त्याण्णव साली रिटायर झाला, तरी ऐट तीच.

त्यामुळं सांगलीच्या डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोच्या, बनाबाईच्या हाताबद्दल समजावून सांगू लागल्या, तेव्हा धोंडीबाला धीर धरवला नाही. आदल्या थंडीत बनाबाईच्या छातीतली वाईट गाठ काढली होती, बरोबर काखेतल्या गाठीही. तेव्हापासून उजवा हात सुजू लागला, तो असा की पोलक्याची बाही उसवावी लागली आणि बांगड्या कापून काढाव्या लागल्या.

"काका, अंगात रक्ताच्या नळ्या असतात, तशा आणखीही बारीक नळ्या असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात झिरपलेलं पाणी त्या परत नेतात. काकूंच्या काखेतून जाणारी त्यांची वाट आम्हाला तोडावी लागली, म्हणून पाणी तुंबलंय. पण आपल्यातून पाणी वाहतंय हे त्या नळ्यांना कळतं, असं दिसतंय. जिथं ते सरकत राहतं, तिथं त्यांना नवे फाटे फुटू शकतात. किती फुटतील ते आमच्यातही अजून कुणाला नीट ठाऊक नाही. म्हणून हात उंच ठेवायचा, आणि रोज हलक्या हातानं—"

"कळ्ळं!" धोंडीबा उठलाच. "मेन लाइन बंद पडली, बायपास टाकायचा! प्रेशर वाढवलं की झालं!"

"प्रेशर नाही काका, हलक्या—"

पण धोंडीबा दारापर्यंत पोचला होता. पाणी कसं वळवायचं, हे त्याला कुणी शिकवायचं?

परतीच्या एसटीत त्यानं बायकोचा हात उपरण्यानं वरच्या दांडीला बांधला. शेजारूनच घंटीची दोरी गेलेली! विट्याच्या अलीकडं पहिला खड्डा आला, हात दोरीवर आपटला, टण्ण! गाडी माळावर उभी.

"कोन उतरतंय?" कंडक्टर ओरडला. कुणीच नाही. तो खाली उतरून मागचं दार बघायला गेला, तेवढ्यात बनाबाईनं अवघडलेला हात जरा हलवला. टण्ण टण्ण! ड्रायव्हरनं गाडी सोडली ती सोडलीच. मागं कंडक्टर एका हातात टोपी, एका हातात चामड्याची पिशवी सावरत पळतोय!

"आवं बाई, हात खाली घ्या की!" धापा टाकत वर चढल्यावर तो म्हणाला.

"खाली घ्यायचा न्हाई!" धोंडीबा गरजला. "बायपासचं काम चालू हाय!"

गाडीभर हशा उसळला. ऑपरेशन झाल्यापासून हसू विसरलेली बनाबाईही तोंडात पदर कोंबून हसली.

घरी आल्यावर मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. धोंडीबानं जुनी सायकलची ट्यूब कापली आणि मनगटापासून कोपरापर्यंत करकचून गुंडाळली. वर तिळाचं तेल लावून अंगठ्यानं असा रगडू लागला, जणू गंजलेला व्हॉल्व्हच सोडवतोय.

"आवं, लय दुखतंय."

"नवी लाइन टाकायची म्हंजे रस्ता उकरावाच लागतोय!"

दोन दिवसांत हात लालबुंद झाला, तापानं बनाबाई बरळू लागली. जीप करून सांगली गाठली. ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी धोंडीबाला समोर बसवलं.

"काका, त्या नळ्या कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक. दाबल्या की मिटतात. वाहणंच थांबलं, तर त्यांना काय कळणार आणि फाटे कुठून फुटणार?"

त्यांनी धोंडीबाचा हात घेतला आणि मनगटाकडून खांद्याकडं बोटं फिरवली. नुसती कातडी सरकावी, इतकी हळू.

"एवढंच?"

"एवढंच."

धोंडीबाला वाटलं, ऐकून घेतलं असतं तर एवढंच करायचं होतं.

मग रोज सकाळी ओट्यावर बसून तो बनाबाईचा हात मांडीवर घेऊ लागला. पण जन्मभर लोखंड धरलेली बोटं ती!

"हलकं वो!"

"आनि किती हलकं?"

"लेकराच्या टाळूला त्याल लावत्यात, तसं."

पलीकडचा आप्पासो रस्त्यातनं ओरडायचा, "म्हातारपनी हात मागतोस व्हय रं, धोंडीबा?" बनाबाई लाजून हात ओढून घ्यायची, धोंडीबा परत घ्यायचा. एकदा ती हळूच म्हणाली, "आवं, ह्यो हात आधीच सुजाय पायजे हुता."

आणि काय सांगावं, दिवाळीनंतर हात उतरू लागला! बांगड्या परत चढल्या. "फाटं फुटलं!" म्हणून धोंडीबानं गल्ली डोक्यावर घेतली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन सांगली गाठली.

डॉक्टरीणबाईंनी टेपनं उजवा हात मोजला. मग डावा मोजला. मग बनाबाईला वजनकाट्यावर उभं केलं.

"फुटलं न्हवं फाटं?" धोंडीबानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी बनाबाईकडं बघितलं. बनाबाईनं हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून. पण पाण्याच्या प्रेशरची सुई वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दिसायचं ते दिसलं. हात उतरला नव्हता. बनाबाईच उतरली होती. दुखणं कुठंतरी आत परत आलं होतं, आणि ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

"थोडे फुटलेही असतील, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कशाचे पेढे, काका?" नर्सबाईंनी विचारलं.

"हात बरा झाला," म्हणत धोंडीबानं पुडा नर्सबाईंच्या हातात दिला आणि खिडकीकडं वळला.

बनाबाईनं पुढचा उन्हाळा बघितला नाही. पण त्या दिवशीचा परतीचा प्रवास सांगायलाच हवा. एसटीत तिला खिडकीशी बसवून धोंडीबानं तिचा हात मांडीवर घेतला आणि मनगटाकडून खांद्याकडं बोटं फिरवू लागला. डोळ्यांपुढं सगळं धूसर, तरी बोटं अगदी डॉक्टरीणबाईंसारखी हलकी. विटा गेलं, मायणी गेलं. दहिवडी आली तशी बनाबाई म्हणाली,

"आवं, सुजल्याला उजवा हुता. ह्यो डावा हाय."

धोंडीबा दचकला. "मग सांगलीपासनं गप का बसलीस?"

"बरं वाटत हुतं," बनाबाई म्हणाली.