कासवांची चार दिवसांची रजा

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. आधी तिथे नुसतंच जंगल होतं. मग सगळ्या प्राण्यांनी मिळून झाडं तोडली, शाळा बांधली, आणि तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'झाडे लावा'.

हसू नका. गोष्ट अजून सुरू व्हायची आहे.

त्या शाळेत पहिलीच्या वर्गात एक कासवाची पोर होती. तिचं नाव वेगवती. आईबापांना पोरीकडून फार आशा होत्या, म्हणून हे नाव. घरात तिला वेगू म्हणत.

वेगूच्या वडिलांचं नाव दिगंबरराव. आईचं नाव द्वारकाबाई. दिगंबरराव स्वभावाने निवांत होते. द्वारकाबाई मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत काळजी करत. करायला काळजी उरली नाही की त्यांना भारी काळजी वाटायची.

या कासवांच्या घराण्यात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. पाहायची इच्छा मात्र सगळ्यांना होती. दिगंबररावांचे आजोबा म्हणत, "यंदा मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ." सुट्टी लागली की सगळं घर निघायचं. वेशीपाशी पोचेपर्यंत सुट्टी संपायची. मग तिथेच दशम्या खाऊन सगळे परत फिरायचे. वडिलांचंही तेच झालं. म्हातारपणी ते वेशीपाशी बसून विचारायचे, "दिगू, इथून वास येतो का रे त्याचा?"

एके दिवशी दिगंबरराव म्हणाले, "सुट्टीची वाट बघत बसलो तर ही पोरसुद्धा वेशीवरूनच परत येणार. शाळा बुडाली तर बुडू दे. आपण समुद्र बघायला जाऊ."

द्वारकाबाईंनी मान आत घेतली. ती संध्याकाळीच बाहेर आली.

"पण अहो," त्या म्हणाल्या, "ती मागे पडली तर?"

आता तुम्ही म्हणाल, कासवांना मागे पडायची कसली भीती? अरे बाळांनो, जो आधीच मागे असतो ना, त्यालाच ती जास्त असते.

दुसऱ्या दिवशी दोघं वेगूला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. म्हणजे निघाले दुसऱ्या दिवशी. मुख्याध्यापक होते गवासर. ते नियमाचे पक्के होते.

"चार दिवसांची रजा हवी होती," दिगंबरराव म्हणाले.

"कारण?"

"समुद्र."

"समुद्र हे कारण होत नाही," गवासर म्हणाले. "ताप, उलटी, लग्न, मयत. यातलं काय ते बोला."

दिगंबररावांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते गांगरले. "मयत नको," ते म्हणाले.

"मग उलटी घ्या. लोक बहुधा उलटीच घेतात."

वेगूने लगेच तोंड वाकडं करून दाखवलं. हुशार पोर. रजा मिळाली.

पण वर्गाच्या बाई होत्या टिटवीबाई. टिटवी झोपताना पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर तोलून धरायला, असं लोक सांगतात. टिटवीबाईंना आभाळाचं काही वाटत नव्हतं. त्यांना वाटायचं ते पोर्शन पुरा होणार नाही याचं.

"अहो, रजा कसली घेताय!" त्या ओरडल्या. टिटवीबाई साधं बोलत नसत. "या आठवड्यात मी नवा धडा घेणार आहे! महत्त्वाचा आहे! परीक्षेला हमखास येतो!"

"कुठला धडा?" द्वारकाबाईंनी घाबरून विचारलं.

"समुद्र!"

दिगंबरराव म्हणाले, "पण बाई, आम्ही समुद्रच बघायला..."

"बघून काय होतंय? धडा कोण करणार? लक्षात ठेवा, शाळा कोणासाठी थांबत नाही!"

हे वाक्य द्वारकाबाईंच्या काळजात जाऊन बसलं. त्यात घरी परतताना शेजारच्या घोरपडवहिनी भेटल्या. त्यांचा मुलगा वेगूच्याच वर्गात होता.

"रजा?" घोरपडवहिनी म्हणाल्या. "छे गं बाई. आमच्या बंडूला मी गोवर असतानासुद्धा शाळेत पाठवलं. सगळ्या वर्गाला गोवर आला. पण हजेरी भरली की नाही?"

द्वारकाबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. पण दिगंबरराव एकदा निघाले की थांबवता येत नसत. त्यांना थांबायलाही वेळच लागायचा.

मग काय, सामान बांधलं. दशम्या घेतल्या, मेतकूट घेतलं, चिवडा घेतला. वेगूच्या पाठीवर द्वारकाबाईंनी दप्तर बांधलं. निघाल्यावर पिंपळाशी पोचतात न पोचतात तोच दिगंबरराव दचकले.

"अगं, घराला कुलूप लावलंस का?"

"मला वाटलं तुम्ही लावलं!"

दोघंही घाईघाईने वळले. वळेपर्यंत सूर्य कलला. मग वेगू म्हणाली, "बाबा, घर तर आपल्या पाठीवर आहे." तेव्हा दोघं पुन्हा वळले. पहिला दिवस यात गेला.

चार दिवसांची रजा संपली तेव्हा कासवं शाळेच्या फाटकासमोर होती. वर्गाच्या खिडकीतून ती स्पष्ट दिसत होती. आत टिटवीबाईंनी हजेरी घेतली.

"वेगवती!"

"ओरड," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हजर, बाई!" वेगू रस्त्यावरून ओरडली.

हजेरी लागली. असं बरेच दिवस चाललं. रोज सकाळी आई पोरीला ओरडायला लावायची. पुढे आवाज पोचेना, तेव्हा आई स्वतः ओरडायला लागली. मग तिचाही पोचेना. त्या दिवशी द्वारकाबाई रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडल्या. वेगूला आईची फार दया आली. दिगंबररावांनी त्यांना चिवडा दिला.

तिथून पुढे द्वारकाबाईंनी वाटेचीच शाळा केली. वेगू म्हणाली, "आई, मोर!" तर आई म्हणे, "मोर तिसरीत आहे. पाढे म्हण." पावसाळे आले, गेले. ओढे आले. घाट आला. घाटात तिघांचेही पाय घसरले आणि तिघंही पाठीवर गरगर फिरत, उड्या खात, थेट पायथ्याशी येऊन पडली. कासवांच्या अख्ख्या घराण्यात एवढा वेग कोणी अनुभवला नव्हता.

"पुन्हा!" वेगू ओरडली. "बाबा, पुन्हा!"

"सतरा नव्वे किती?" उलट्या पडल्यापडल्या द्वारकाबाईंनी विचारलं.

आणि मग, मुलांनो, एकदाचा समुद्र आला.

दिगंबररावांना वडिलांची आठवण झाली. ते तसेच चालत पाण्यात गेले, आणि पाण्याने त्यांना अलगद उचललं. जन्मभर जे घर पाठीवर वाहिलं त्याचं ओझंच वाटेना. ते लहान पोरासारखे हसायला लागले.

"अगं ये! द्वारके, अगं ये तरी!"

"धडा संपला की येते," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाळूवर बैठक मारली होती. पोरीची नजर समुद्राकडे जाऊ नये म्हणून त्या स्वतः मधे आडव्या बसल्या, समुद्राकडे पाठ करून. हातात पुस्तक होतं.

"म्हण. समुद्र निळा असतो."

वेगूने आईच्या पाठीवरून मान उंच केली. "आई, हा मातकट आहे."

"पुस्तकात निळा आहे. परीक्षेत मातकट लिहिलंस तर शून्य मिळेल. म्हण."

"समुद्र निळा असतो."

"समुद्राचे पाणी खारट असते. समुद्रात लाटा असतात. समुद्र आपला मित्र आहे."

"आई, तो पुढे येतो आणि परत मागे जातो!"

"ते धड्यात नाही."

तेवढ्यात एक लाट आली आणि पुस्तक भिजलं. द्वारकाबाई ते उन्हात वाळवायला वळल्या, तेवढ्यात वेगू पाण्यात जाऊन उभी राहिली. फार वेळ नाही. आईने पाय धरून ओढून आणेपर्यंतच. पण कासवाच्या आईला पाय धरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती समुद्रात होती.

धडा काही संपेना. एक ओळ पाठ झाली की दुसरी विसरायची. शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, "चला, निघा आता. अजूनही निघालो तर सहामाही मिळेल."

"तू पाण्यात आलीच नाहीस," दिगंबरराव म्हणाले.

"पुढच्या वेळी," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या सासऱ्यांचंही असंच म्हणणं असायचं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

परतीची वाट मी सांगत नाही. तीच वाट, फक्त घाट चढायचा होता. सांगत बसलो तर तुमच्या शाळेची घंटा होईल.

कासवं जंगलात पोचली तेव्हा रस्त्यावर ओळखीचं एकही तोंड दिसेना. शाळेच्या भिंतीवर 'झाडे लावा' ताज्या रंगात होतं. आसपास झाड एकही उरलं नव्हतं. द्वारकाबाईंना नवी काळजी लागली. सगळी पोरं शिकून, मोठी होऊन, कुठल्या कुठे गेली असणार. आपली एकटीच मागे पडली. हे आपण काय करून बसलो!

वर्गाच्या पहिल्या बाकावर ससा होता, पण वेगूच्या वेळचा तो ससा नव्हता. त्याचा नातू तरी असेल, किंवा पणतू. टिटवीबाई होत्या. चोचीपाशी तोच लाल रंग, तोच आवाज. पण बाई त्या नव्हत्या. त्यांची पणती होती. पटावर वेगवतीचं नाव मात्र अजून पहिलीतच होतं. नाव कमी करायला अर्ज लागतो, आणि तो कोणी केला नव्हता.

वेगू आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली. द्वारकाबाई धाप टाकत खिडकीशी उभ्या राहिल्या.

"मुलांनो!" टिटवीबाई ओरडल्या. "आज आपण नवा धडा घेणार आहोत! महत्त्वाचा आहे! परीक्षेला हमखास येतो! समुद्र!"

द्वारकाबाईंचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"बाई, तोच धडा?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"दुसरा कुठला असणार?" टिटवीबाई म्हणाल्या. "टाचण पणजीबाईंच्या हातचं आहे. आम्ही त्यात एक अक्षर बदलत नाही."

"म्हणजे काहीच बुडलं नाही!" द्वारकाबाईंना आनंदाने रडूच आलं. "अहो, ऐकलंत का? एक ओळसुद्धा बुडली नाही!"

दिगंबरराव अजून फाटकापाशीच होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

वर्गात टिटवीबाईंनी विचारलं, "समुद्र कसा असतो? कोण सांगेल?"

वेगूने हात वर केला. तो वर जाईपर्यंत बाकीच्यांनी डबे खाऊन घेतले.

"बाई," वेगू म्हणाली, "तो येतो आणि आपल्या पायाखालची वाळू घेऊन जातो. आपण काहीच करत नाही, नुसते उभे असतो. पण तेव्हा असं वाटतं की आपण खूप जोरात पळतोय."

पहिल्या बाकावरच्या सशाने मान वळवली. त्याने रोज पळून पाहिलं होतं, पण असं काही त्याला कधी वाटलं नव्हतं.

"खाली बस!" टिटवीबाई ओरडल्या. "हे पुस्तकात नाही!"

खिडकीशी एक तरुण घोरपड उभी होती. घोरपडवहिनींच्या घरातलीच कुणी सून असावी. तिच्या मुलाला ताप होता, म्हणून त्याला शाळेत सोडायला आली होती.

"तुम्ही जाऊन आलात?" तिने द्वारकाबाईंना विचारलं. "खरंच असं वाटतं हो? कसा असतो समुद्र?"

द्वारकाबाईंनी सांगायला तोंड उघडलं.

"समुद्र निळा असतो," त्या म्हणाल्या.

"बरं. आणि?"

"समुद्राचे पाणी खारट असते." त्या थांबल्या. त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. त्यांना भिजलेलं पुस्तक आठवलं. पोरीचा पाय आठवला. पाठीमागे कसलासा मोठा आवाज होत होता, तो आठवला. "समुद्र आपला मित्र आहे," त्या हळूच म्हणाल्या.

द्वारकाबाईंना इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मान आत घ्यायचंही भान राहिलं नाही. एवढ्या लांब जाऊन, एवढे पावसाळे घालवून, त्यांनी समुद्राकडे एकदाही डोळे भरून पाहिलं नव्हतं.

मग त्या तडक गवासरांच्या खोलीकडे निघाल्या. पोचल्या दुसऱ्या दिवशी. आता खुर्चीवर बसले होते ते गवासर पहिल्या गवासरांचे कोण लागत होते कोणास ठाऊक, पण शिंगं तशीच होती.

"चार दिवसांची रजा हवी होती," द्वारकाबाई म्हणाल्या. "पोरीला, आणि मलाही."

"कारण?"

"समुद्र."

"समुद्र हे कारण होत नाही. ताप, उलटी, लग्न..."

"उलटी," द्वारकाबाई म्हणाल्या. "मागच्या वेळीही उलटीच होती. अजून थांबलेली नाही म्हणा."

बाहेर येऊन त्यांनी पोरीच्या पाठीवरचं दप्तर सोडलं आणि शाळेच्या व्हरांड्यात ठेवून दिलं. दिगंबरराव नुकतेच कुठे फाटकातून आत आले होते. त्यांनी बायकोचा चेहरा बघितला. ते लगेच वळायला लागले. संध्याकाळपर्यंत वळूनही झाले.

"वेगू," वेशीकडे जाताना द्वारकाबाईंनी विचारलं, "वाळू पायाखालून जाते तेव्हा भीती वाटते का गं?"

"थोडी," वेगू म्हणाली. "पहिल्यांदा. मी हात धरीन तुझा."

तात्पर्य : मुलांची शाळा कधीही बुडवू नये. पण बुडवलीच, तर ती तुमच्यासाठी थांबणार नाही, अशी भीती बाळगू नका. ती थांबलेलीच असते.