सोलापूर न्हाई, सोल!

कामशेतच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे दोन्ही हातांनी, कमरेत वाकून देणारी एकच बाई आहे. भाजीवाला नवा असेल तर बावचळतो. आपण कुणी देवबिव झालो की काय, असं वाटून तो जुडी तशीच तिच्या पिशवीत टाकतो. मग ती रागावते. "आसं फेकू न्हाई बाबा. दोन हातानं द्यावं. आमच्या सोलात आसंच देत्यात."

"सोलापुरात?"

"सोलापूर न्हाई, सोल! इमानानं जावं लागतं!"

ही सुंदरामावशी. वडिवळ्याला धरणाच्या कडेला तिचं भाताचं खाचर आहे. नवरा वारला, थोरला मुलगा गुजरातेत कामाला, धाकटी शीतल शिकत शिकत थेट कोरियाला पोचली आणि तिथंच नोकरीला लागली. मावशी घरी एकटीच. आमच्याकडे वर्षाचा इंद्रायणी तांदूळ तिचाच येतो, आणि तांदळाबरोबर सोलही येतं.

झालं असं, की शीतलला तिकडे मुलगा झाला आणि मावशीला बाळंतपणासाठी बोलावणं आलं. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि नऊवारी लुगडी घेऊन मावशी विमानात बसली. शीतलचं घर सोलच्या जुन्या भागात, राजवाड्याच्या जवळच. शीतल कामावर जायला लागली आणि मावशी नातवाला जुन्या लुगड्यानं पाठीशी बांधून गाव बघायला निघाली. भाषा एकच येत होती, तेवढी बरोबर होती.

"राजवाडा लय झ्याक," ती सांगते. "मागं डोंगर हाय, आपल्या लोहगडावानी. पर वाटंवर येक भजीवाली न्हाई. कसं चढायचं मान्सानं?"

तिथे जुन्या पद्धतीचा पोशाख घालून आलेल्यांना राजवाड्याचं तिकीट पडत नाही. पोरी भाड्याने घोळदार झगे घेतात आणि दिवसभर फोटो काढत हिंडतात. मावशी नऊवारीत दारात उभी राहिली. पहारेकऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून आत सोडलं. आत झगेवाल्या पोरींनी तिला गराडा घातला. "त्यास्नी वाटलं, मीबी लुगडं भाड्यानं आनलंय. एक पोरगी दुकान कुटं हाय म्हून इचारत हुती. म्या म्हनलं, तळेगावला."

खरेदीतही ती मागे नव्हती. जुन्या गल्लीत कागदी पंख्यांची दुकानं आहेत. तिथे मावशीनं मराठीत घासाघीस करून एक पंखा घेतला. दुकानदारानं भाव किती उतरवला, विचारलं तर म्हणते, "उतारला का न्हाई, कुनास ठावं. पर भांडला लय ग्वाड."

पण या सगळ्या गोष्टी फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबतात : थोरलीपाशी. पहिल्यांदा मला वाटलं, थोरली म्हणजे मावशीची सख्खी बहीण.

राजवाड्यापासून काही अंतरावर जुना झाकलेला बाजार आहे. तिथे खाण्याची दुकानं ओळीनं मांडलेली. एका दुकानापाशी मावशीच्या पाठीवरची गाठ सैल झाली आणि नातू घसरला. तव्यामागची म्हातारी हात पुसत धावत आली. न विचारता लुगड्याचं टोक तिनं ओढलं, पोराला वर घेतलं आणि अशी गाठ मारली, की मावशी म्हणते, "माज्या आईनंच बांदली जनू." त्या म्हातारीनंही आपली पोरं अशीच पाठीवर वाढवलेली. मग तिनं मावशीला बाकावर बसवलं. बाक खालून गरम; थंडीत तिथे बाकही विजेनं तापवतात. मावशी ताडकन उठली. तिला वाटलं, नातवानं कार्यक्रम उरकला.

म्हातारी काय करत होती? भिजवलेले मूग दगडी जात्यात वाटून धिरडी. "आपून जाती उकिरड्यावर टाकली, आन् त्यांनी जात्याला मोटार लावली!" हे सांगताना मावशीचा आवाज चढतो. बोटं मोजून वय ठरलं. ती मोठी निघाली, म्हणून थोरली.

रोज गेलं की थोरली विचारायची, "बाप मोगसो?" मावशी सांगायची, "बाप कवाच गेला, बाई. लय वर्सं झाली." थोरली मान हलवून पुढ्यात धिरडं वाढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मावशीला वाटलं, हिला विसरायचा रोग आहे. एकदा शीतल बरोबर आली, तेव्हा उलगडा झाला. बाप म्हणजे भात. भात खाल्लास का, असं ती विचारत होती.

"भाताला बाप म्हनत्यात गं," मावशी मला म्हणाली. "खरंच हाय की. आमाला आनिक कुनी पोसलंय?" मग म्हणाली, "गावात समदी इचारत्यात, औंदा भात किती झाला. खाल्ला का, आसं कोन इचारतंय?"

परत आल्यावर मावशी वर्षभर थोरली थोरली करत राहिली. शेवटी शीतलनं ठरवलं, सुट्टीच्या दिवशी बाजारात जाऊन व्हिडिओ कॉल लावायचा. वडिवळ्याला मावशीच्या घरात रेंज येत नाही, म्हणून माझ्या फोनवर. त्या सकाळी मावशी नथ घालून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

थोरली दिसली. पांढरे आखूड केस, गालावर पिठाचा ठिपका. दोघी एकदम ओरडल्या, आपापल्या भाषेत. शीतल सांगायला लागली, "आई, त्या म्हणतायत..."

"तू गप गं," मावशी म्हणाली.

थोरलीनं धिरडं उलटलं. मावशीनं माझी मेथीची जुडी ओढून निवडायला घेतली. मधूनच तिकडून काहीतरी यायचं, मावशी "व्हय, व्हय" म्हणायची. मग इकडून भातलावणीची कटकट, गुडघ्याचं दुखणं जायचं, तिकडून मान हलायची. मेथी संपली तेव्हा तिकडे गिऱ्हाइकांची गर्दी झाली. हात हलवत थोरली पडद्यावरून गेली.

मी म्हटलं, "मावशी, पुढच्या सुट्टीला परत लावू."

मावशीनं फोन ओंजळीत धरला होता.

"ताई, गरम हाय बग," ती म्हणाली. "तितं थंडीनं माजी बोटं वाकायची न्हाईत. मंग ही तव्यावर हात शेकायची आन् माज्या हातावर ठिवायची. आसंच लागायचं."

जास्त वेळ बोललं की फोन तापतोच, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी उठून चहाचं आधण ठेवलं.

चहा झाला, तरी तिनं फोन सोडला नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं तो हलकेच ओट्यावर ठेवला.

"गार झाला," म्हणाली, आणि पदरानं नथ सारखी केली.